एकतीस नंबरपुढचं शून्य

सकाळी साडेसहाला कासिवा बबून माकडांच्या घराचं दार उघडायची आणि आधी काय करायची, तर एकेकीच्या मागे बघायची. हो, मागेच. हसायचं असेल तर हसून घ्या. नैरोबीच्या पश्चिमेला जंगलाला लागून असलेल्या त्या संशोधन केंद्रात नवीन येणारा प्रत्येक शिकाऊ हसायचा आणि आठवडाभरात वही घेऊन तिच्याच पुढ्यात उभा असायचा, "कासिवाताई, हिला दोन देऊ की तीन?" म्हणत.

बबूनची मादी वयात आली की दर महिन्याला तिच्या शेपटीखालचा भाग फुगतो, लालभडक होऊन चकाकतो आणि दोन-तीन आठवड्यांनी ओसरतो. त्यात लपवाछपवी नाही, लाजणं नाही. काहीच नसेल तर वहीत शून्य लिहायचं, पुरती फुगली की चार. मधले आकडे ज्याच्या त्याच्या नजरेवर, आणि नजर म्हणावी तर कासिवाची. चौदा वर्षं ती हे करत होती. कोणती मादी कुठल्या दिवशी चारवर पोचेल हे ती दोन दिवस आधी सांगायची आणि शिकलेसवरलेले लोक मुकाट्यानं लिहून घ्यायचे.

आणि या बाईला स्वतःला मात्र पाळी म्हणून आपणहून कधी आलीच नव्हती.

माकुएनीकडच्या गावात शाळेत होती तेव्हा तिच्या आईनं काय करावं? दर महिन्याला चार दिवस तिच्या दप्तरात जुन्या कापडाच्या घड्या भरून द्यायची. बाकीच्या मुलींना दिसलं पाहिजे ना! कासिवाही बिचारी त्या घड्या घेऊन आडोशाला जायची, जरा वेळ उभी राहायची आणि तशाच कोरड्या परत आणायची. अंगानं ती बारा वर्षांच्या पोरीएवढीच राहिली. उंची थोडी वाढली, पण छाती नाही, कंबर नाही, आणि आवाज असा की फोन उचलला की पलीकडून हमखास ऐकू यायचं, "बाळा, आईला दे बरं फोन." तिशी ओलांडली तरी हेच. ती म्हणायची, "आई घरात नाही," आणि फोन ठेवून द्यायची. उगाच कुणाकुणाला समजावत बसणार?

मुएमानं मागणी घातली तेव्हा तिनं त्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगून टाकलं होतं. मुएमा लाकूड कोरणारा. शहराच्या पूर्वेला शंभरेक कारागिरांची मोठी शेड आहे, तिथे बसून तो हरणं कोरायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच ना? मला वाटलं, तू आधीच कुणाला हो म्हणून बसलीस." कासिवा त्या दिवशी इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्न झालं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

लग्नानंतर मोठ्या इस्पितळात गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन छाती आली, चेहरा भरला आणि एके दिवशी चक्क पाळी आली. कासिवानं कामावर अर्धी सुट्टी टाकली, मटाटूच्या दोन गाड्या बदलून मुएमाच्या शेडवर गेली आणि सगळ्या कारागिरांसमोर त्याच्या कानात सांगितलं. त्यानं हातातली पटाशी खाली ठेवून तिला उचलून घेतलं. महिन्याभरानं इस्पितळातली नर्स म्हणाली, "अगं, हे गोळ्यांचं आहे. गोळ्या थांबव, तेही थांबेल. आत अंडं काही पिकत नाही." नर्स वाईट नव्हती, खरं तेच बोलली. पण कासिवा त्या रात्री जेवली नाही.

तर अशी नऊ वर्षं गेली.

सासूचं नाव कालुंडे. गावाकडे एकटी राहायची आणि दारातल्या आंब्याखाली बसून घायपाताच्या दोरांच्या पिशव्या विणायची. दर डिसेंबरात ही दोघं गावी गेली की पहिल्या दिवशी मका-घेवड्याच्या मुथोकोईचं पातेलं चढायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाची खबरबात व्हायची आणि तिसऱ्या दिवशी विषय निघायचा. कालुंडे तोंडानं फटकळ, पण सुनेला टोचून बोलायची नाही. म्हणायची, "हे बघ पोरी, मी काही मुएमाला दुसरी कर म्हणत नाही. तू कर म्हणते."

त्यांच्या कांबा लोकांत ही रीत जुनी आहे. जिला मूल नाही त्या बाईनं स्वतः शेळ्या घेऊन एखाद्या मुलीच्या घरी जायचं, तिला मागणी घालायची आणि आपल्या घरात आणायची. तिला म्हणायचं इवेतो. ती त्या बाईची बायको, आणि तिला होतील ती मुलं त्या बाईची, त्या बाईच्या घराच्या नावाची. कुणी त्यावर नाक मुरडत नाही. कालुंडेच्या सख्ख्या आत्यानं आणली होती आणि तिची नातवंडं आता शाळेत मास्तर आहेत.

"आई, अजून एक वर्ष थांबा," कासिवा दरवेळी म्हणायची.

"थांबते बाई. माझं काय, मी बसलेय इथे. दोर संपला की आणखी वळते."

कासिवाला इवेतोत वावगं काही वाटत नव्हतं. पण तिला तिचं स्वतःचं हवं होतं. तिच्या पोटातून आलेलं, तिच्या दुधावर वाढलेलं. बबूनची आई पोराला छातीशी धरून गजाला टेकून बसली की कासिवा हातातला झाडू विसरून बघत राहायची आणि मग स्वतःलाच शिव्या घालायची, की चौदा वर्षं झाली मेले, अजून बघायची हौस फिटत नाही तुझी!

डॉक्टर अकेलो केंद्रात आल्या आणि या हौसेला पाय फुटले. बाई देशाच्या पश्चिमेच्या मोठ्या सरोवराकडच्या, धिप्पाड, बोलल्या की दोन खोल्या पलीकडे ऐकू जाणार. त्यांचा अभ्यास एकाच गोष्टीचा, की पोर वयात येतं ते कुणाच्या हुकमानं?

एकदा चहा पिता पिता त्यांनी कासिवाला ते सांगितलं, आणि असं सांगितलं की ती कधी विसरली नाही. "तुझ्या, माझ्या, या बबूनच्या, सगळ्यांच्या मेंदूच्या तळाशी काही पेशी आहेत. त्या तासा-दीड तासानं एक निरोप खाली सोडतात, खालची ग्रंथी तो पुढे रक्तात सोडते, आणि तो अंडाशयापर्यंत पोचला की मग छाती, पाळी, मूल, सगळा संसार. पण या निरोप सोडणाऱ्या पेशी आपणहून उठत नाहीत. त्यांना हलवून उठवणारं आणखी एक द्रव्य आहे, ते वरून येतं. बाळ जन्मलं की पहिले काही महिने ते असतं. मग झोपतं. वर्षानुवर्षं झोपतं, म्हणून तर पोर पोर राहतं. आणि एक दिवस पुन्हा जागं होतं."

"आणि नाहीच झालं तर?" कासिवानं विचारलं.

अकेलोंनी कप खाली ठेवला. त्या माणसांच्या डॉक्टर नव्हत्या, पण डोळे तर होते. "तुझं रक्त कधी तपासलंय कुणी? नीट?"

तपासलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. कासिवाची अंडाशयं ठीक, ग्रंथी ठीक, निरोप सोडणाऱ्या पेशीसुद्धा जागच्या जागी. फक्त उठवणारा कधी आलाच नाही.

"म्हणजे माझं घर भरलेलं आहे," कासिवा म्हणाली, "पण सगळे झोपलेत."

"अगदी तसंच."

"मग उठवा ना, डॉक्टरबाई!"

अकेलो मोठ्यानं हसल्या आणि मग अडचणी सांगायला लागल्या. ते द्रव्य बाहेर तयार करता येत होतं. पण ते थेंबाथेंबानं, ठरावीक वेळानं सोडावं लागायचं. एकसारखं ओतलं तर काम होत नाही, सारखं दार बडवलं की आतले लोक कान बंद करून घेतात. त्यासाठी कमरेला लावायचा छोटा पंप हवा. परदेशातली एक संस्था असे पाच पंप आणि दीड वर्षाचं औषध द्यायला तयार होती, पण आधी केंद्रातल्या बबूनांवर ते सिद्ध करून दाखवायचं होतं. अडीच-अडीच वर्षांच्या तीन माद्या, ज्यांना वयात यायला अजून दोन वर्षं आहेत, त्या या औषधानं वेळेआधी वयात आल्या पाहिजेत, आणि तिन्हीच्या तिन्ही. तसं झालं तर शहरातल्या पाच बायकांना पंप मिळणार होता. यादी झाली होती. तिच्यात पहिलं नाव कासिवाचं.

त्या संध्याकाळी मुएमा नाचलाच. "पहिलं नाव? तुझं? अगं, इस्पितळाच्या रांगेत तुझा नंबर कधी पहिला लागला नाही!"

तिघींच्या पाठीवर पंपाची पिशवी बांधायची म्हणून कासिवानं ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची जाकिटं शिवली. बबूनचे दात ते! पहिली दोन जाकिटं एका दिवसात फाडली, मग तिनं दुहेरी ताडपत्री घेतली. सत्तावीस, एकोणतीस, एकतीस असे तिघींचे नंबर. आत फक्त कासिवानंच जायचं, कारण परकं माणूस दिसलं की त्या बिथरतात आणि अंगातली सगळी चक्रं बिघडतात. रोज सकाळी तिनं बघायचं, आकडा लिहायचा आणि तो कागद कचेरीतल्या पशुवैद्याकडे, न्झिओकाकडे द्यायचा. दर आठवड्याचं रक्तही जाकिटातल्या नळीतून तिनंच काढून द्यायचं, ते तपासायला परदेशी जायचं.

आणि आकडा चार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी न्झिओका भुलीची सुई घेऊन येणार. मादीला झोपवायचं आणि पुन्हा उठवायचं नाही. मेंदू काढायचा, औषधानं आत नेमकं कुठे काय झालं ते बघायचं. जी वयात येणार नाही तिला बाहेरच्या मोठ्या कुंपणात सोडून द्यायचं, तिचा काही उपयोग नव्हता.

हे कासिवाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं बबून मरताना पाहिले नव्हते असंही नाही.

सत्तावीस नंबर सहाव्या आठवड्यात चारवर आली. कासिवानं चार लिहिलं. दुसऱ्या दिवशी पिंजरा धुताना तिनं रेडिओ लावला आणि मोठ्यानं गाणी म्हटली. एकोणतीस आठव्या आठवड्यात आली. तेव्हाही तिनं चार लिहिलं, पण रेडिओ लावला नाही. जाकीट मात्र धुऊन वाळत घातलं, कारण ताडपत्री चांगली होती.

मग अकेलो तीन आठवडे परदेशी गेल्या. जाताना कासिवाच्या खांद्यावर धपकन हात मारून म्हणाल्या, "दोन झाल्या. आता एकच राहिली हं, कासिवा! डोळ्यांत तेल घालून बघ."

एकतीस नंबर तिघींत लहानखुरी. खाण्यात मागे, भांडणात मागे, कोपऱ्यात बसून गाजर कुरतडणारी. नवव्या आठवड्यातल्या मंगळवारी कासिवानं दार उघडलं आणि गमबुटांत तशीच उभी राहिली. आदल्या दिवशी जिथे जेमतेम दोनचा आकडा होता तिथे रात्रीतून सगळं भरून आलं होतं. लाल, ताठ, नव्या टमाट्यासारखं चकाकणारं. चार. त्यात शंकेला जागाच नव्हती.

पण एकतीस नंबरला ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. ती मान वळवून वळवून मागे बघत होती. हात मागे न्यायची, हळूच चाचपायची, बोटं नाकाशी आणायची आणि दचकायची. बसायला जायची, बसवेना, म्हणून पुन्हा उठायची. मग तिनं कासिवाकडे पाहिलं. बबूनच्या नजरेत काय असतं ते मी सांगणार नाही, ज्याला त्याला आपापलं दिसतं. कासिवाला काय दिसलं ते तिनं नंतर मुएमाला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, ती मला विचारतेय. बाई गं, हे काय झालं मला?"

कासिवाला आधी हेवा वाटला. खोटं कशाला बोला? चौतीस वर्षांच्या बाईला अडीच वर्षांच्या जनावराचा हेवा वाटला. हिला आलं. जिला कळतसुद्धा नाही तिला आलं, आणि मला नाही. मग तिनं खिशातून पेन्सिल काढली. चार लिहिलं की तिन्ही पुऱ्या होणार होत्या. पंप येणार होता, तिच्या कमरेला लागणार होता, झोपलेलं घर उठणार होतं. मुलगा झाला तर मुएमाच्या वडिलांचं नाव, मुलगी झाली तर कालुंडे, हेसुद्धा ठरलेलं होतं. पेन्सिलीच्या एका फटकाऱ्याचं काम.

एकतीस नंबर पुन्हा मागे वळून बघायला लागली.

कासिवानं शून्य लिहिलं.

"आजच्या दिवस," ती पुटपुटली. "आजचा एक दिवस बघू दे तिला. उद्या लिहीन."

बुधवारीही शून्य. गुरुवारी न्झिओकानं कचेरीच्या खिडकीतून विचारलं, "काय गं, एकतीसचं काय म्हणणं?"

"कोरडी आहे," कासिवा म्हणाली. आयुष्यभर खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस किती सहज बोलून जातं बघा! तिचं तिलाच नवल वाटलं.

अकरा दिवस तिनं शून्य लिहिलं. त्या अकरा दिवसांत तिनं इतर पिंजऱ्यांची कामं भराभर उरकून घेतली आणि उरलेला वेळ एकतीस नंबरसमोर उलटी बादली घेऊन बसली. एकतीसची चाल बदलली. पलीकडच्या घरातले नर ओरडले की ती आता गजांशी जाऊन उभी राहायची, कान टवकारून. गाजर अर्धंच खायची. कासिवा तिच्याशी बोलायची, पोरीशी बोलावं तसं. "दुखतंय का गं? नाही? मग असंच असतं का? अंग जड होतं म्हणतात. तू सांग ना मला, मी कुणाला विचारू?"

औषधाची दहा आठवड्यांची मुदत संपली. न्झिओकानं पंप काढला, कासिवानं जाकीट सोडवलं आणि एकतीस नंबर बाहेरच्या कुंपणात गेली. तोवर सूज ओसरली होती. पुढच्या महिन्यात पुन्हा येईल म्हणून कासिवा वाट बघत राहिली. आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. पोर पुन्हा पोरांत जाऊन खेळायला लागलं, झाडाच्या बुंध्यावरून उड्या मारायला लागलं.

अकेलो परत आल्या होत्या. कासिवानं आडून विचारलं, "डॉक्टरबाई, समजा एखादी आली असती वयात आणि मध्येच औषध बंद केलं असतं, तर?"

"तर परत पोर झाली असती. बाहेरून उठवलेलं, बाहेरचं थांबलं की झोपतं. तिची वेळ झाली की आपणहून उठेल तेव्हा खरं." त्या थकल्या होत्या. "पण तुझ्यासाठी काय करू मी आता? तिनातल्या दोन. संस्थेनं तीन मागितल्या होत्या. अहवाल द्यायची तारीख आली. रक्त तिकडे तपासायला पडलंय, त्याचं उत्तर कधी येईल कोण जाणे. सारखं मनात येतं, असं कसं झालं? दोघींना लागू पडलं आणि हिलाच कसं नाही?"

कासिवा बादलीकडे वळली. तेव्हा बोलली असती तर? एकतीस नंबर कुंपणातून पुन्हा आत आली असती, पुन्हा जाकीट, पुन्हा पंप, आणि मग सुई. कासिवा बादली उचलून निघून गेली.

संस्थेनं नकार कळवला. पाच पंप दुसऱ्या एका देशाला गेले.

रक्ताचं उत्तर आलं ते जूनमध्ये. अकेलो कागद घेऊन स्वतः बबूनांच्या घराशी आल्या. कासिवा पाइपानं फरशी धुत होती. त्या आत आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता.

"पाणी बंद कर. हे एकतीस नंबरचं रक्त. नवव्या आठवड्याचं. वयात आलेल्या मादीचं रक्त आहे हे, कासिवा. तू काय पाहिलं होतंस?"

"चार."

"आणि लिहिलंस काय?"

"शून्य."

"यादीत तुझं नाव पहिलं होतं, ठाऊक होतं ना तुला?"

"ठाऊक होतं."

"मग का?" आता आवाज चढला. "का गं? जनावराची एवढी दया आली तर पहिल्या दोघींच्या वेळी कुठे होती ती दया?"

कासिवा पाइप हातात धरून उभी होती. "डॉक्टरबाई, तिला तेव्हाच आलं होतं हो. आदल्या रात्री आलं आणि सकाळी मी लिहायचं, म्हणजे उद्या तिचं डोकं उघडणार. एवढं मोठं झालं तिच्या अंगात आणि तिला एक महिनासुद्धा नाही? मला कधी आलं नाही. तिला आलं होतं, तर मला वाटलं, थोडं असू दे तिच्याकडे."

"आणि बाकीच्या चौघी? यादीतल्या? त्यांनाही विचारलं असतंस!"

त्या चौघींचे चेहरे कासिवानं कधी पाहिले नव्हते. आता ते रोज दिसायला लागणार होते.

"हे रक्त आता मी दाखवू कुणाला?" अकेलो म्हणाल्या. "दाखवलं तर सांगावं लागेल की माझ्या माणसानं वहीत खोटं लिहिलं. मग सत्तावीस आणि एकोणतीसच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवील? त्या दोघी फुकट गेल्या. कळतंय का तुला? फुकट!" त्यांनी डोळे पुसले आणि त्यांचा त्यांनाच राग आला. "उद्यापासून वहीला हात लावायचा नाही. झाडू मार, खायला घाल. आकडे दुसरं कुणीतरी लिहील."

त्या दिवशी कासिवा घरी न जाता सरळ मुएमाच्या शेडवर गेली. ऊन अजून होतं. मुएमा एका हरणाच्या पाठीवर कानस फिरवत होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पहिल्या मंगळवारपासून. त्याचा हात थांबला नाही. सांगून झालं तेव्हा थांबला.

"पहिल्या दोघींच्या वेळी चार लिहिलंस."

"लिहिलं."

"तेव्हा माझी आठवण होती?"

"होती."

"आणि तिसरीच्या वेळी?"

"तेव्हाही होती, मुएमा."

त्यानं ते हरीण उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि खाली ठेवलं. "विसरलीस म्हणाली असतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि हत्यारं आवरायला लागला. मटाटूत दोघं दोन वेगवेगळ्या बाकांवर बसली. चार दिवस तो जेवायला बसायचा, उठायचा, कामावर जायचा. ओरडला नाही की भांडला नाही. भांडला असता तर कासिवाला चाललं असतं. पाचव्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, "शनिवारी आईकडे जाऊ."

डिसेंबर नव्हता, त्यामुळे या दोघांना दारात बघून कालुंडे उठूनच उभी राहिली. "कोण गेलं?" तिनं आधी तेच विचारलं. कुणी गेलं नाही म्हटल्यावर तिनं सुनेला निरखून पाहिलं आणि मुलाला सांगितलं, "जा, शेळ्यांना पाणी दाखव." मुएमा गेला. कासिवा आंब्याखाली तिच्याजवळ बसली, वळून ठेवलेल्या दोराचं टोक हातात घेतलं आणि म्हणाली,

"आई, मुलगी बघा."

नऊ वर्षं हे ऐकायला थांबलेली म्हातारी! पण तिला आनंद झाला नाही. हातातलं विणकाम मांडीवर टेकवून तिनं विचारलं, "डॉक्टरीण नाही म्हणाली का?"

"नाही, आई. मीच नाही म्हटलं."

कालुंडेला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिनं पुढे खोदून विचारलं नाही. मांडीवरचं विणकाम सारखं करत म्हणाली, "कशी बघू? किलुंगूकडे माझ्या भाचीच्या ओळखीत एक आहे. तब्येतीनं चांगली, आईला आठ मुलं. बापाशी बोलले की आठवड्यात होऊन जाईल."

"आधी तिला विचारा."

"तिला काय विचारायचं? बाप हो म्हणाला की झालं."

"नाही, आई." कासिवाचा तो लहान पोरीचा आवाज एकदम इतका चढला की शेळ्यांजवळचा मुएमा वळून बघायला लागला. "तिलाच विचारा. माझ्यासमोर विचारा. तिच्या अंगातलं आहे ते, तिचं आहे. तिला द्यायचं नसेल तर शेळ्या परत घेऊन यायचं आणि पुन्हा तिच्या दारात जायचं नाही. चालेल?"

"चालेल बाई. चालेल. एवढं ओरडू नकोस." कालुंडेनं विणकाम बाजूला ठेवलं. सुनेचे हात दोराला घट्ट आवळून धरलेले होते, ते तिनं सोडवायला घेतले. एकेक बोट उघडावं लागलं. "मग रडतेस कशाला? तूच म्हणालीस ना, मुलगी बघा?"

"म्हणाले," कासिवा म्हणाली. "पण मला माझंच हवं होतं हो, आई. अजून हवंय."